आतल्या अंगाची खूण

बसा पावणं, त्या खुर्चीचा उजवा पाय मोडलाय, जरा डाव्या अंगानं बसा. दोनदा आलासा, दोनदा मी तुमास्नी हाकललं, आणि हाकललं त्येचं मला काय बी वाईट वाटलेलं न्हाय. तुमी म्हणलासा जुन्या विलायती गाड्यांवर पुस्तक लिवतोय, तर असली पुस्तकं लिवणारी माणसं कुणाच्या गाडीत बसून येत्यात ते मला चांगलं ठाऊक हाय. आता तिसऱ्यांदा आलाय आणि आता मीच सांगतो, तुमच्या पुस्तकासाठी न्हाय, माज्यासाठी सांगतो. डॉक्टरसाहेबांच्या बाईसाहेब गेल्या, त्येला काल चाळीस दिवस झालं, तवर मी गप बसलो. आता लावा तुमचं ते मशीन. आणि मी बोलतोय तसंच लिवा, सुदरून लिवलासा तर पुन्हा ह्या गल्लीत पाय ठेवू नका.

माजं नाव दस्तगीर, सगळी दस्तगीर मिस्त्री म्हणत्यात. मूळ आमी कोडोलीचं. माजं अब्बा लोहारकाम करायचं, ऊस पिळायचा चरक असतोय न्हवं गुऱ्हाळावरचा, त्येचं दात झिजलं की अब्बास्नी बलावणं यायचं, मंग कामाच्या मागं मागं हितं उद्यमनगरात आलं आणि हितलंच झालं. मी चौथीतनं शाळा सोडली, मास्तर मारत हुता म्हणून न्हाय, मलाच तितं करमंना. अब्बांची एक शिस्त हुती, काय बी घडवलं की त्येच्यावर आपली खूण ठोकायची, कोयता असू द्या न्हायतर चरकाचा दात. मी म्हणलं कशाला, तर म्हणलं, उद्या मोडलं तर लोकांनी शिव्या कुणाला घालायच्या ते कळाय पायजे. लोकं म्हणत्यात नाव मोठं व्हावं म्हणून खूण करत्यात. आमच्यात शिव्या खायला करत्यात. हे आधी लिवून घ्या, पुढचं सगळं त्येच्यावर हाय.

आता गाडी. कंपनीचं नाव मी सांगणार न्हाय आणि तुमी बी लिवू नका, त्येंचा ह्यात काय दोष न्हाय. इंग्लंडची गाडी, हिरवी, दोन शिटाची, वरनं उघडी, जिमिनीला चिकटून चालायची. आमच्या डॉक्टरसाहेबांनी बेळगावकडच्या एका म्हाताऱ्या इंजिनेराकडनं घेटलेली. मी तवा विशीत हुतो, गॅरेज नवीन, आणि ह्या गाडीला हात लावाय दुसरं कोण तयार न्हाय. काय सांगू तुमास्नी, असली आडमुठी गाडी मी जल्मात बघिटली न्हाय, उभी केली की तेल गळायचं, चालवली की तापायची, आणि वरची ताडपत्री पाऊस अडवायसाठी न्हाय, पाऊस गाळून आत सोडायसाठी लावलेली. पर वाट मोकळी असली आणि गाडीनं सूर धरला, की मी सांगतो पावणं, खाली उतरू वाटायचं न्हाय. डॉक्टरसाहेब दर ऐतवारी गगनबावड्याला जायचं, तितं फुकट दवाखाना चालवायचं, आणि त्या पावसात ह्याच गाडीतनं जायचं, अंगात रेनकोट, तपासायची नळी प्लास्टिकच्या पिशवीत. बाईसाहेब म्हणायच्या, अहो, लोकं छपराची गाडी घेतात. तर म्हणायचं, छपराखाली तर सगळा आठवडा असतोच की.

असंच एका ऐतवारी घाटाखाली वड्याचं पाणी रस्त्यावर आलेलं आणि पलीकडं बाई बाळंतपणात अडलेली. डॉक्टर थांबतोय व्हय? घाटली गाडी. इंजिनानं पाणी वडलं, आतला दांडा मोडला आणि ब्लॉकला भोक पाडून भाईर आला. ब्लॉक म्हंजे इंजिनाचं धड, बिडाचं असतंय, वतीव लोखंडाचं, त्येच्यात सगळं बसतंय. डॉक्टरसाहेब गाडी तितंच सोडून चालत गेलं, बाई सुटली, पोरगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी माज्या दारात आली. मी वेल्डिंग करून बघिटलं, तडा पुढं सरकला. परदेशातनं ब्लॉक आणायचा तर नावच न्हाय, त्या काळात कागद कुठल्या खिडकीत टाकायचा हेबी ठाऊक नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी इचारलं, दस्तगीर, संपली का रे ही? मी म्हणलं, साहेब, आमी उसाचा चरक वततो, पंप वततो, इंजिनाचं धड बी वतू की.

बोलून गेलो आणि फसलो. ब्लॉक वतणं म्हंजे चरकाचा दात न्हवं, आतनं पाणी खेळायला पोकळ्या असत्यात, वळणावळणाच्या. माजा दोस्त शिवाप्पा अण्णा, लिंगायत, चंदगडाकडचा, त्येची हितं पलीकडं भट्टी हुती. अण्णा रागावला की कानडीत बोलायचा आणि त्या आठ म्हयन्यात मी निम्मी कानडी शिकलो. सागवानाचा साचा मी केला, हातानं, कातणीबी हातानं. आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा असतोय, त्येचा येगळा साचा. पयला ब्लॉक वतला, सच्छिद्र निघाला, सोड्याच्या खड्यासारखा. दुसरा वतला, थंड हुता हुता कोपऱ्यात तडकला. तवा अण्णा म्हणला, दस्तगीर, आपण जुन्याला घेटलेलंच न्हाय, नवं कसं बसंल.

तुमास्नी हे ठाऊक नसणार. आमच्या उद्यमनगरात रीत हाय, एकाद्या मशीनचा मोडका भाग बदलून वतायचा असला की मोडकं फोडून त्याच भट्टीत घालायचं, नव्या बिडात मिसळायचं. मशीनला आपलं वळखू येतंय म्हणायची जुनी माणसं. आता शिकल्याली म्हणत्यात जुन्या लोखंडात काय काय मिसळल्यालं असतंय त्येचा गुण उतरतो. काय बी असू दे. मापं सगळी साच्यात आलीती, जुन्या ब्लॉकचं काम नव्हतं. मी घण घेटला आणि माज्या हातानं त्यो इंग्लंडचा ब्लॉक फोडला, डॉक्टरसाहेब बाजूला स्टुलावर बसून बघत हुतं. एक तुकडा हुता तळहाताएवढा, त्येच्यावर आकडं ठोकल्यालं, इंजिनाचा नंबर. त्यो तुकडा माज्या हातात हुता पावणं, ह्या हातात. अण्णा म्हणला ठेवायचा काय? मी म्हणलं ठेवून काय लोणचं घालायचंय? आणि टाकला भट्टीत.

तिसरा ब्लॉक निघाला तो असा निघाला, की अण्णा नुसता ठोकून आवाज ऐकत बसला. त्येच्यावर आमी खूण ठेवलेली, वर उठल्यालं अक्षर, माजं द, आणि शेजारी अण्णाचं बेलाचं पान. डॉक्टरसाहेबांनीच सांगिटलं ठळक करा. त्या धडावर गाडी पुढं बावीस वर्सं पळाली, बावीस. घाट चढली, दवाखाना चालला, तेल मातर गळायचंच, ते इंग्लंडचं हुतं, ते आमी तसंच ठेवलं. अण्णा मधीच गेला. डॉक्टरसाहेब पंचाहत्तरीपत्तोर चालवत हुतं, मंग डोळं गेलं, आणि मंग तेबी गेलं.

त्येंना पोरबाळ न्हाय. पुतण्या पुण्याचा. कंपन्यांचं शेअर इकत घेणं आणि इकणं, ह्येलाच काम म्हणतोय. चुलत्याच्या दवाखान्याला कवा आला न्हाय, गाडीत कवा बसला न्हाय, आणि मयतीच्या चौथ्या दिवशी शेडमधी उभा राहून फोननं गाडीचं फोटू काढतोय. मला म्हणला, काका, ही गाडी नाही, ॲसेट आहे. मी म्हणलं गाडीच हाय, बॅटरी उतरलीय.

मंग त्येनं मुंबईचा एक भाव ठरवणारा आणला. हातात पांढरं मोजं, एक चुंबक, एक दांड्याला लावल्याला आरसा. चुंबक दारावर फिरवून बघायचा, पुट्टी हाय का पत्रा. दोन दिवस बघिटलं, दोन दिवस मी स्टुलावर बसून ऱ्हायलो, मला एक शबुद इचारला न्हाय. मातर पुतण्याला सांगत हुता ते माज्या कानावर पडत हुतं, आणि त्येला वाटत हुतं मिस्त्रीला काय कळतंय. तर म्हणला, ह्या बाजारात दोन जाती हायत. ज्या गाडीचा पत्रा, इंजिन, कागद, सगळ्यांचं नंबर कारखान्यातनं निघालं तसं जुळत्यात, तिचा भाव चढतोय. आणि जी चालवायसाठी दुरुस्त केली, तिचा भाव बसतोय. म्हणला, आपल्या देशात भायरनं जुनी गाडी आणणं अवघड, म्हणून आत हायत तेवढ्यांनाच मोल. पर लई काळ ठेवू नका म्हणला. ज्यांनी पोरवयात असल्या गाडीची चित्रं भिंतीला चिकटवली ती माणसं आता म्हातारी झाल्यात आणि त्येंच्याकडं पैसा आलाय, तीच घेणारी. ती गेली की पुढच्या पोरास्नी काय प्रेम न्हाय, तवा धा वर्साच्या आत इका, आणि तंवर चालवू नका, एकेक किलोमीटरला किंमत कमी हुती. मी म्हणलं मनात, आरं मेल्या, गाडी चालवली की किंमत कमी, माणूस मेला की किंमत कमी, मंग किंमत हाय तरी कशाची?

पुढं आईका. मागच्या मडगार्डच्या आत गंज हुता, मी म्हणलं दोन दिवसात काढून देतो. तर त्यो मोजंवाला वराडला, हात लावू नका, तो ओरिजिनल गंज आहे. ओरिजिनल गंज! त्येला भाव हाय. मंग त्येनं बॉनेट उघडलं, आरसा घाटला, आणि द आणि बेलाचं पान बघून त्येचं तोंड असं झालं जसं काय जेवणात केस घावला.

कागद आला इंग्लिशमधी. माजी पोरगी रुक्साना शाळेत शिकवती, तिनं वाचून सांगिटला. वाचता वाचता एका ठिकाणी थांबली. मी म्हणलं वाच. म्हणली, अब्बा, लिवलंय की इंजिनाचा ब्लॉक मूळचा न्हाय, स्थानिक नक्कल हाय, ओबडधोबड, आणि ह्येच्यामुळं किंमत एक तृतीयांश. ओबडधोबड! बावीस वर्सं घाट चढलेलं धड. आठ म्हयनं. पावणं, मला बायकोच्या मयतीला रडू आलं नव्हतं एवढं त्या दिवशी आलं, आणि रडू न्हवं त्यो, रागच हुता, डोळ्यातनं आला एवढंच.

चार दिवसांनी पुतण्या हितं आला, तुमी बसलाय तितंच बसला, तवा खुर्ची धड हुती. म्हणला, काका, जुना ब्लॉक कुठं हाय? मी म्हणलं नव्यात हाय. त्येला वाटलं मी चेष्टा करतोय. मंग समजावून सांगिटलं, घण मारला, भट्टीत टाकला. म्हणला, नंबरचा तुकडा? मी म्हणलं त्योबी. त्येनं डोस्कं धरलं. म्हणला, तुमाला कळतंय का, त्यो एक तुकडा तुमच्या ह्या सगळ्या गॅरेजापेक्षा जास्त मोलाचा हुता. आता खरं सांगतो, त्या क्षणाला मला चूक केल्यासारखं वाटलं. आजबी कवा कवा वाटतंय. पर मंग त्येनं खिशातनं एक चिठ्ठी काढली, त्येच्यावर जुना नंबर लिवल्याला, गाडीच्या कागदावरनं उतरून घेटल्याला, आणि गोड आवाजात म्हणला, तुमचं ते अक्षर आणि ते पान घासून काढा, हितं हा नंबर ठोका, आणि मला एक कागद सही करून द्या की मी ह्या गाडीला पैल्यापास्नं बघतोय, इंजिन मूळचंच हाय. घेणारा तुमच्या शबदावर ईस्वास ठेवंल.

मी म्हणलं, म्हंजे हे काम माजं न्हाय. त्यो म्हणला, काम कुठं पुसतोय काका, नुसतं अक्षर. मी म्हणलं, आणि काम माजं न्हाय ह्या कागदावर सही मातर माजी? तर म्हणला, काकूंच्या म्हातारपणासाठी इकतोय, तुमी अडवलं तर त्येंच्या पोटावर येईल. तवा मी उठलो. वयानं थोरला हाय मी त्येच्यापेक्षा, तरी असल्या शिव्या दिल्या की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं. तुमच्या मशीनमधी त्या घालत न्हाय, रुक्साना वाचंल.

तरी काकूंचं नाव घेटल्यालं मनात ऱ्हायलं, म्हणून मी बाईसाहेबांकडं गेलो. त्या म्हणल्या, दस्तगीर, मला यातलं कळत नाही. पण घरी पाहुणे आले की हे आधी त्यांना शेडमध्ये न्यायचे, बॉनेट उघडायचे आणि तुमचं अक्षर दाखवायचे, चहा नंतर. एवढं आईकलं आणि माजं काम झालं. मी परत जाऊन पुतण्याला न्हाय म्हणून कळवलं.

त्येनं काय केलं? घासणारे हात काय कमी हायत जगात? परगावच्या कुणीतरी ग्राइंडर लावला, द गेला, बेलाचं पान गेलं, अण्णाचं पान हो, मेल्या माणसाचं, आणि त्या जागी नंबर ठोकला. सहीबी कुणीतरी केलीच. गाडी एका मोठ्या माणसाला गेली, ज्येच्याकडं असल्या गाड्यांचं आख्खं शेड हाय म्हणं, थंडगार हवेचं. डॉक्टरसाहेबांचा बंगलाबी इकला आणि बाईसाहेबांना पुण्याला आपल्याकडं न्हेलं.

मी तवाच रुक्सानाला म्हणलं, लिव इंग्लिशमधी पत्र त्या घेणाऱ्याला. आणि पत्र घेऊन आधी बाईसाहेबांकडं गेलो पुण्याला, एष्टीनं. त्या एका खोलीत बसलेल्या, डॉक्टरसाहेबांचा एक फोटू आणि एक खाट. पत्र वाचलं, घडी घातली, आणि म्हणल्या,

"दस्तगीर, मी आहे तोवर तोंड उघडू नका. तो माणूस पैसे परत मागेल, आणि मला याच्याच दारात दिवस काढायचेत."

मी म्हणलं, बरं. चार वर्सं गप बसलो. रुक्सानानं एकदा फोनवर दाखवलं, कुठंतरी गाड्यांचं प्रदर्शन, हिरवी उभी, भवती दोर, कोण तरी करंडक घेतोय, आणि खाली लिवल्यालं, सगळं मूळचं, एकबी भाग बदलल्याला न्हाय. मी म्हणलं बंद कर ते. हितं गल्लीत चार वर्सं लोकं इचारायची, मिस्त्री, ते इंजिन तुमीच वतलं हुतं न्हवं? आणि मी म्हणायचो, आठवत न्हाय. माज्या तोंडानं. पुतण्यानं भायरनं पुसलं आणि मी आतनं पुसत बसलो.

आता बाईसाहेब सुटल्या. म्हणून तुमास्नी बसवलंय. आता नीट लिवा.

उद्यमनगरात चोऱ्या लई. तुमी साचा केला की आठ दिवसात पलीकडच्या भट्टीत तसाच माल निघतोय, वरची खूण घासून आपली लावत्यात. म्हणून आमच्यातली जुनी माणसं एक करायची, भायरची खूण लोकांसाठी, आणि एक आतल्या अंगाला. गाभ्याच्या साच्यातच कोरायची, म्हंजे वतल्यावर आत, जितं पाणी खेळतंय त्या भिंतीवर उठती. ग्राइंडर तितं पोचत न्हाय, ब्लॉक फोडला तरच जाईल. त्या ब्लॉकच्या डाव्या अंगाला पत्र्याची गोल झाकणं हायत ओळीनं. मागनं दुसरं झाकण काढा, बॅटरी धरा, समोरच्या भिंतीवर बघा. द हाय आणि बेलाचं पान हाय. त्यो भाव ठरवणारा आरसा घिऊन आला, मोजं घालून आला, पर आत बघायचं त्येच्या खानदानात कुणाला सुचलं न्हाय.

आणि त्यो गाभ्याचा साचा इकडं वर बघा, तुमच्या डोस्क्यावर, त्या खिळ्याला. तेल लावून ठेवलाय दरसाल. कुणाला ईस्वास बसत न्हाय त्येनं यावं आणि ताडून बघावं.

तुमी तुमच्या पुस्तकात ते भावाचं काय लिवायचं ते लिवा, ह्या गाड्या चढतील का बसतील, कुठल्या घ्याव्या, कवा इकाव्या. ह्या एका गाडीचा भाव हे छापल्यावर बसणार, ते मला कळतंय, आणि मला त्येचा आनंद हाय, लपवत न्हाय. घेणाऱ्याशी माजं वैर न्हाय. फसला बिचारा, तरी त्येच्याकडं बावीस वर्सं घाट चढल्यालं धड हाय, हे त्येला कुणी सांगिटलंच न्हाय. अल्ला त्येला बुद्धी देवो आणि ती गाडी रस्त्यावर काढायची ताकद देवो.

चा गार झाला तुमचा. घ्या तसाच. आणि त्या गाडी घेणाऱ्याकडं जाणारच हाईसा, तर त्येला माजा एक निरोप द्या, उशीर नको. उभ्या गाडीत पाणी कुजतंय, आतनं बीड खातंय, चार वर्सं झाली. अक्षर हाय तंवर झाकण काढून बघ म्हणावं. मंग बसून पायजे तेवढ्या शिव्या घाल, पर माज्या नावानं घाल.